सातची वेळ

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या संशोधन संस्थेच्या संचालिकाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि एकतीस वर्षं आमचं प्राणिगृह सांभाळून आज निवृत्त होणारे, आपल्या सगळ्यांचे ससेकाका,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. प्रयत्न करते.

आमचं काम सीबीजीवर. गांजाच्या झाडातला हा एक घटक. फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि त्याने नशा होत नाही. तरी बाहेरचे लोक काकांना विचारायचे, "काय हो, ससे नाचतात का?" काका म्हणायचे, "नाही, साहेब लोक नाचतात." खोटं कशाला बोलू? सशांच्या डोळ्यांतला दाब उतरलेला दिसला, तेव्हा आम्ही खरंच नाचलो होतो. काका मात्र पिंजऱ्यावरच्या कार्डावर आकडा लिहून शांतपणे पाणी बदलत होते.

त्याच आठवड्यात घरी जेवताना मी ऐटीत सांगितलं, सीबीजीने डोळ्यांतला दाब उतरतो. सशांच्या, हा शब्द मी घासाबरोबर गिळला. समोर माझा दादा बसला होता. त्याला काचबिंदू आहे.

महिन्याभराने दादा मला न्यायला इथे आला आणि बाजारातून आणलेली सीबीजीच्या तेलाची बाटली त्याने कौतुकाने दाखवली. काका चाऱ्याची टोपली घेऊन चालले होते. ते थांबले. म्हणाले, "भाऊ, आम्ही हे फक्त सशांना दिलंय. तेही थोडेच दिवस. डॉक्टरांचे थेंब सोडू नका."

बरोबर बोलले होते. माणसांत याचा उपयोग कितपत, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. आणि मी काय म्हणाले? चारचौघांत म्हणाले, "काका, तुम्ही पिंजरे बघा. औषधाचं आम्ही बघतो."

थेंब सोडलेस का, एवढं साधं दादाला विचारायचं मला सुचलं नाही. शहाणपण उतू जात होतं ना! त्याने ते कधीच सोडले होते, आणि माझं बोलणं ऐकून उरलीसुरली शंकाही सोडली. काचबिंदू दुखत नाही, हाक मारत नाही. सात महिन्यांनी त्याचा उजवा डोळा गेला तो गेलाच.

काकांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दादाचा नंबर मागून घेतला.

त्यानंतर घरी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दादाचा फोन वाजायचा. मला वाटायचं, गजर असेल. एकदा दादा अंघोळीला गेला होता म्हणून मी उचलला. पलीकडून आवाज आला, "भाऊ, सात वाजले. डाव्या डोळ्याचे थेंब."

सशांना चारा घालायचीही हीच वेळ. काकांनी ती एकतीस वर्षांत कधी चुकवली नाही, संप असो की ताप. दोन वर्षं झाली, दादाचीही चुकवलेली नाही. थेंब मी घालू म्हटलं, तर दादा नको म्हणतो. माझ्या हातून तो आता औषध घेत नाही, आणि रागावतही नाही. रात्री डावा डोळा झाकून तो उजव्याने भिंतीकडे बघत बसतो, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाते. उरलेला डोळा किती वर्षं साथ देईल, डॉक्टर सांगत नाहीत.

काका, संस्थेने तुम्हाला शाल दिली, मानपत्र दिलं. तुमची माफी मागण्याचं देणं माझ्याकडे राहिलंय. ज्यांच्यासमोर तुम्हाला तसं बोलले, त्यांच्यातले बरेचजण आज इथे आहेत, म्हणून इथेच मागते. दादाकडे कशी मागायची, ते मला अजून कळलेलं नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, तर सांभाळून घ्या.

सात वाजत आलेत. काका, आज फोन नको. दादा तिसऱ्या रांगेत बसलाय, थेंबांची बाटली त्याच्या खिशात आहे. तुम्ही त्याच्याकडे जाऊन थेंब घालून या. तोवर आम्ही सगळे थांबतो.