ओले ब्रश

जेरुसलेमच्या ओळखपत्र कचेरीबाहेर रांग हलत नव्हती. रुवैदाच्या पुढे अजून चाळीस माणसं होती, म्हणून तिने पुढच्या दोघींच्या बोलण्याला कान लावले. एक म्हातारी उम्म नाएफ, दुसरी तिची तरुण शेजारीण सिहाम.

"खाला, काल आमच्याकडे सरकारी तपासनीस आला. म्हणे, तुम्ही खरंच इथे राहता का?"

"फ्रिज उघडला असेल."

"उघडला, भाजी हुंगली, मग मोरीत जाऊन दात घासायचे ब्रश मोजले."

"नुसते मोजले? नवखा दिसतोय. आमचा मेला बोट लावून बघतो, ओले आहेत का ते!"

"अगंबाई! आणि तुमचे दोघे मुलगे तर चिलीत!"

"हळू बोल. ते तिकडे राहतात हे कळलं तर त्यांची जेरुसलेमची कार्डं गेली. म्हणून पहाटे नमाज झाला की दोघांचे ब्रश मी भिजवते. पाच वर्षांत एकाचाही दात किडला नाही."

"आणि पेपरात बोंब, अरब फार वाढले!"

"वाढणारच. इथे ब्रशही माणसांत धरतात."

"मग तुमच्या नवऱ्याचा, अबू नाएफचा ब्रश?"

"त्यांचं कार्ड नाब्लुसचं, भिंतीपलीकडलं. कायद्याने ते या घरात असूच शकत नाहीत. त्यांचा ब्रश पिठाच्या डब्यात लपवते."

"चाळीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला! ते काही बोलत नाहीत?"

"बोलणार काय? तोंडात पीठ असतं."