आप्पांच्या बंदुकीला पॉलिश

...न्हाई, पर तुमीच सांगा, चकाचक करणं हा काय गुन्हा हाय का? सोफा चकाचक केला तर घरचे खुश, देव्हारा केला तर खुश, मग बापाच्या बंदुकीनंच काय घोडं मारलंय?

बंदूक आमच्या आप्पांची. आप्पा म्हंजे शिवलिंगप्पा, नांदूरघाटात किराणा दुकान. जुनी रायफल बघा, एक बार काढला की बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मग दुसरा... लई नखऱ्याची चीज. मळ्यात रानडुकरं आली की आप्पा गाल टेकवून घटकाभर डुकरावर नेम धरायचे, अन् बार काढायचे ढगात. जीव मारवत न्हवता त्यांच्यानं. मी बंदुकीजवळ गेलो की म्हणायचे, "अमरनाथ, आधी समजून घे, मंग हात लाव." आप्पा गेले, लायसन माझ्या नावावर झालं, अन् समजून घ्यायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं.

तर औंदा खंडेनवमीच्या पूजेला म्हणलं, बंदूक नवी दिसली पायजे. रिकामी हाय का ते दोनदा बघितलं, बोल्ट काढून ठिवला, स्क्रू खोलले, अन् नुसता लाकडी दस्ता घिऊन केजला गेलतो. म्हंजे इतकं तर समजून घेतलंच हुतं की मी! तिथं हरिबा, सोफ्याला पॉलिश मारणारा. दस्ता हातात फिरवून म्हणतो, "मालक, हितं एका अंगाला खोलगट झिजलंय. लांबी, म्हंजे पुट्टी, भरून सपाट करू का?" मी म्हणलं, "भर की बाबा, इचारायलास कावून?" त्यानं खरवडलं, घासलं, लांबी भरली, अन् वरून असलं पॉलिश मारलं, की त्यात बघून भांग पाडावा.

खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडली. आई आली, आमची दानम्मा. दर साली ती दस्त्यावर इभूतीची तीन बोटं ओढती. औंदा बोटं फिरायली, फिरायली... जागाच घावंना. मी म्हणलं, "ओढ की कुठंबी."

"कुठंबी कशी ओढू? नेम धरताना हितं त्यांचा गाल टेकायचा. टेकून टेकून लाकूड झिजलं हुतं रे. कुठं गेला त्यांचा गाल?"

आता काय सांगावं? त्यात लांबी भरली म्हणून सांगू? तिथंच हरिबाला फोन लावला, समदं सांगितलं, म्हणलं परत खोलगट करून दे. तो म्हणतो, "करतो की मालक, पर कुणाच्या गालाच्या मापानं?"

आधी समजून घे, मंग हात लाव... लई वाईट वाटतं हो. आप्पांचे फोटो हायेत घरात, पर फोटोला काय त्यांचा गाल लागला हुता का?

आईनं माझ्याकडं बघितलं. बोटं इभूतीनं भरलेली, ती तशीच वळली अन् माझ्या गालावर ओढली. म्हणली, "हा तरी त्यांच्यावानी हाय. ह्याला न्हिऊ नको पॉलिशला."

तसाच दुकानात येऊन बसलो. येईल ते गिऱ्हाईक गालावरची तीन बोटं बघतंय अन् इचारतंय, "शेठ, कुणी हाणली?"

मी म्हणतो, आमच्या आप्पांनी.