ट्रम्पेटचे चार मार्क

इंदिरानगरला कानाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक वडील आणि त्यांची मुलगी बोलत होते.

“बाबा, जॅझच्या सगळ्या रेकॉर्डी ऐकून झाल्या?”

“चाळीस राहिल्यात. ऐकू येतंय तोवर सगळ्यांना मार्क देऊन टाकतो.”

“पण त्या ट्रम्पेटच्या रेकॉर्डला दहापैकी चारच? ती तर तुमची सगळ्यात लाडकी.”

“पूर्वी नऊ दिले होते. परवा लावली, तर वरचे सूर आलेच नाहीत.”

“रेकॉर्ड घासली असेल.”

“नाही गं पल्लवी. सूर तिथेच आहेत. मलाच ऐकू येत नाहीत.”

“मग ते चार खोडा ना, बाबा.”

“खोडतो. पण आता तू शेजारी बसून ऐकायचं.”

“मला जॅझमधलं काय कळतंय?”

“नाही कळलं तरी चालेल. ट्रम्पेट वर चढलं की माझा हात दाब. पुढचं मला पाठ आहे.”