आवाज विहिरीतून येतो

— हात नको लावूस, आधी ऐक. पैसे तिला पाठवलेस म्हणतेस, पाठवले असशील, मला काय त्याचं? जाहिरात टाकली तिनं, पत्ता दिला माझा, सामान माझ्या घरात, आणि ती तिकडे, गाडीत बसून अंग आंबून जाईल इतक्या लांब. मला आपला एका ओळीचा निरोप — "एक मुलगी येईल, तिला स्टँड, दिवा आणि माइक देऊन टाका." देऊन टाका म्हणे! रद्दी आहे का? जाताना म्हणाली होती, बाबा, हे राहू दे इथेच, नंतर येऊन नेते. येऊन नेते. तर म्हटलं राहू दे. जपून ठेवलं, वर कापड टाकलं, धूळ बसू दिली नाही. आणि आता तू येतेस, पिशवी पुढे करतेस — बस. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, त्या. आणि ते काका काका बंद कर. मी काही तुझ्या बापाचा भाऊ नाही.

काय करणार आहेस नेऊन? व्लॉग. हं. म्हणजे स्वतःचं तोंड स्वतःच काढायचं आणि चव्हाट्यावर टांगायचं. कशावर? "माझं रोजचं आयुष्य." अगं, तुझ्या रोजच्या आयुष्यात असे कोणते दिवे लागतात? उठणार, दात घासणार, बसमागे धावणार, साहेबाची बोलणी खाणार, घरी येऊन पाय दुखले म्हणणार — ते आम्ही जन्मभर केलं, कुणाला बोलावून दाखवलं का? हसतेस काय? मी विनोद नाही करत. बरं, चल, सुरुवात कशी करणार ते सांग. पहिला व्हिडिओ. कुठे बसणार? — बघ, ततपप. मला माहितीये कुठे बसशील. खिडकीला पाठ करून. सगळ्या तिथेच बसतात, मागे लख्ख उजेड आणि पुढे काळं तोंड, चोर पकडून आणल्यासारखं. खिडकी समोर हवी, समोर! आणि फोन डोळ्याच्या उंचीला. खाली ठेवलास तर नाकपुड्या दिसतात, लोकांनी काय तुझ्या नाकात बघत बसायचं? पंखा बंद. पंख्याची घरघर तुला ऐकू येत नाही, माइकला येते. आणि पहिलं वाक्य काय म्हणशील? "नमस्कार मित्रांनो"? वाटलंच! कोण मित्र? पहिला व्हिडिओ बघतं कोण — तुझी मावशी, तुझी मैत्रीण, आणि चुकून बोट लागलेला एखादा बिचारा. त्या बिचाऱ्यासाठी बोल. "आज मी तुम्हाला सांगणार आहे" — सांगणार कशाला आहेस, सांग की! आणि चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून नको करूस, तिथूनच पुढे बोल. ठमी पहिल्यापासून करायची. एकच वाक्य, पुन्हा तेच, पुन्हा तेच, मला खाली जिन्यात पाठ व्हायचं, तिला वर व्हायचं नाही.

ठमी म्हणजे आमची कन्या. जगाला तिचं झकपक नाव आहे, घरात ठमीच. वर दार लावून बसायची आणि बोलायची. मला वाटलं, पोरगी भ्रमिष्ट झाली. विचारलं काय चाललंय, तर "काही नाही बाबा." एक दिवस साबण आणायला गेलो तर किराणावाला फोन पुढे करतो — "तुमची लेक काय छान बोलते हो!" बघतो तर हीच. छान बोलते! माझ्याशी "हो", "नाही" आणि "ठीक आहे", एवढ्यावर संसार चालवला होता तिनं — आई गेल्यापासून घरात दोनच माणसं, आणि दोघांत मिळून शब्द तेवढेच. आणि तिथे, त्या फोनमध्ये, नदी वाहतेय नुसती. आई गेल्यावर तिच्या साड्यांच्या कपाटात बसून राहायची, ते सांगतेय. नापास झाली त्या दिवशी पुलावर जाऊन बसली होती, ते सांगतेय. पुलावर! मला म्हणाली होती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले. आणि हे मला कधी कळतं, तर दुकानात, साबण हातात धरून, किराणावाल्याच्या फोनवर. तो म्हणतो, बसा ना. मी म्हटलं, बसायला वेळ नाही. घरी आलो आणि स्वतःच्या फोनवर सगळे बघितले. सगळे. जेवण राहिलं त्या दिवशी.

मी? मी कापड तपासायचो, गिरणीत. तुला काय कळणार ते काम. काचेचं टेबल असतं, खालून दिवे, वरून कापड सरकत जातं, ताग्यामागून तागा, आणि आपण फक्त बघायचं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग — दिसला की टेबल थांबवायचं, खडूनं खूण करायची. आणि चांगलं कापड? चांगल्या कापडावर कोण खूण करतंय? ते जातं पुढे. त्याच्यासाठी टेबल थांबत नाही. तर डोळा असा झाला. तुझ्या डाव्या बाहीची शिवण उसवलीये, दारात उभी राहिलीस तेव्हाच दिसली. बघ, लगेच झाकलीस! राग आला? येऊ दे. उद्या कॅमेऱ्यात दिसेल आणि लोक खाली लिहितील, तेव्हा कुणावर रागावशील?

लिहितात, लिहितात. खाली लिहायला जागाच असते — काय? तू बघायचीस तिचे? सगळे? मग आधी नाही का सांगायचं, इतका वेळ मला बडबडायला लावलंस. कोण? "स्पष्टवक्ता"? हो, वाचलंय मी. माहितीये. विकृत? विकृत काय त्यात? नाही, थांब, शब्द उच्चारलास तर सांग, काय खोटं लिहिलं त्यानं? "आवाज विहिरीतून येतो" असं लिहिलं. विहिरीतूनच यायचा! बाकीचे सगळे छान, मस्त, फुलं, बदाम — एकाला तरी वाटलं का सांगावं, की बाई गं, तू काय बोलतेस ते ऐकूच येत नाही? आठवड्यात हा माइक आला. मग लिहिलं, "चित्र हलतं, बघताना गाडी लागते." स्टँड आला. मग लिहिलं, "अंधारात बसून भुतांना गोष्टी सांगतेस का?" हा दिवा आला. आज जे पिशवीत घालून न्यायला आलीस ना, ते सगळं त्या विकृत माणसामुळे या घरात आलंय. आणि एक सांगू, ती त्याला उत्तरं द्यायची. बदामवाल्यांना नुसता बदाम परत, आणि त्याला चार-चार ओळी. "आपण इतकं बारकाईनं बघता, मला शिकायला मिळतं." आपण! सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवायची, मान वर करायची नाही, आणि वर गेली की मला आपण म्हणायची —

काय झालं? डोळे का मोठे केलेस? हो. मीच. मग? पोलिसात देतेस? अगं, आधी चांगलंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी. "छान" लिहिलं, नीट विचार करून लिहिलं, तर बदाम आला. किराणावाल्यालाही तोच बदाम, मलाही तोच. मग म्हटलं, जे येतं आपल्याला ते करू. खूण केली, तर टेबल थांबलं! थांबली ती. वळून बघितलं. मला काय माहीत होतं पोरीशी बोलायला असं टोपणनाव घ्यावं लागतं? जिन्याखाली बसून लिहायचो आणि वर तिच्या बोटांचा आवाज यायचा, टकटक, टकटक. दार नुसतं लोटलेलं असायचं. चढून गेलो असतो तर — काय बोललो असतो? तूच सांग. नाही ना सांगता येत? मग शहाणपण नको शिकवूस.

नोकरी लागली आणि ठमी गेली तिकडे. भांडण नाही, तंटा नाही. फोन करतो तर उचलत नाही, संध्याकाळी एक ओळ — "कामात होते, ठीक आहे सगळं." मी पण लिहितो, बरं. पण व्हिडिओ यायचे. फोन हातात, पाठ भिंतीला, मागे दोरीवर टॉवेल. म्हणजे खोली कळायची, काय जेवली ते कळायचं, केस कापले ते कळायचं. मी टॉवेलवरून टोमणा मारायचो, ती लिहायची, "खोली लहान आहे हो, मग कुठे वाळत घालू, तुम्हीच सांगा." तुम्हीच सांगा! मला, बापाला, तिनं आजपर्यंत कधी विचारलं का, काय करू म्हणून? त्याला विचारायची. जळायचो मी त्याच्यावर. हसू येतं ना? ये, हस. स्वतःवरच जळायचो, दुसरं काय.

बंद का केलं, ते मला काय विचारतेस? मी थोडाच म्हटलं बंद कर! शेवटच्या व्हिडिओत खोकत होती. एक वाक्य, एक खोकला, एक वाक्य, दोन खोकले. छाती आधीपासून नाजूक, आणि खोलीला ओल आलेली, भिंतीवर डाग दिसत होते. माझं डोकं फिरलं. लिहिलं. काय लिहिणार — नेहमीचंच. "खोकत खोकत व्हिडिओ करायची हौस कशाला? गोळ्या घ्यायच्या नाहीत, उशीखाली लपवायच्या, जन्माची खोड." बस, एवढंच. ह्याच्यापेक्षा तिखट लिहिलंय मी आधी, तेव्हा नाही बंद केलं. — हो, लपवायचीच! चादर झटकली की गोळ्या टपटप खाली. तिची आई ओरडायची आणि मी गोळा करायचो. तर ह्याला उत्तर काय आलं, चार ओळी नाहीत, काही नाही — "ठीक आहे." म्हटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी चॅनल बंद. तिसऱ्या दिवशी ही सामान विकायची जाहिरात.

काय म्हणालीस? — पुन्हा बोल. स्पष्टवक्त्याला कसं कळलं, उशीखालचं?

तिनंच सांगितलं असेल. कुठल्यातरी व्हिडिओत. पुलाचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, तसं हेही — सांगितलं असेल ना? तू बघितलेस ना सगळे? नाही? नाहीच सांगितलं. मला पाठ आहेत ते. नाही सांगितलं कुठेच.

म्हणजे तिला —

गप्प बस! तुला कुणी विचारलं? कोण गं तू, कुठून आलीस, माझ्या घरात बसून मला माझी अक्कल दाखवणारी? ऊठ. नाही देत सामान. पैसे परत माग तिच्याकडून, सांग, म्हातारा खवीस आहे, देत नाही. हे गेलं ना, तर तिला ह्या घरात यायला कारण काय उरतं? सांग! आई नाही, कपाट रिकामं आहे, आणि बाप — बाप असा. हे तीन तुकडे आहेत म्हणून "येऊन नेते" आहे. ते मी तुझ्या पिशवीत घालू? तुझ्या त्या बसमागे धावण्याच्या व्हिडिओसाठी?

कुणाला लावतेस? तिला? लाव, लाव की, मला काय धाक घालतेस. स्पीकरवर टाक, माझ्यासमोर होऊ दे. उचलत नाही ती, आधीच सांगतो, कामाच्या वेळात कुणाचाच — उचलला.

तुझा उचलला.

हळू बोल. सांग ना, काय सांगायचं ते. सांग, देत नाहीत म्हणून. ... काय म्हणाली? नीट ऐकलं नाही मी, काय म्हणाली? "बाबा आहेत का तिथे, जरा द्या त्यांना"? असं म्हणाली? स्वतःहून?

नको. नको, पुढे नको करूस तो. बाजूला घे. सांग, बाहेर गेलेत. सांग ना! आत्ताच गेले म्हणाव, कधी येतील माहीत नाही. — हळू, ऐकू जाईल तिला. आणि सांग, सामान मिळालं, सगळं दिलं त्यांनी, काही बोलले नाहीत. आणि म्हणाव, चांगलं आहे. सामान नाही गं मूर्ख, ती — ती जे बोलायची ते. तू म्हण, तुझं म्हणून म्हण, माझं नाव नको. म्हण लवकर.

ठेवला? तिनं ठेवला की तू? म्हणालीस का?

उचल. दिवा आधी घे, स्टँड नंतर. माइकची वायर दुमडू नकोस. उचल म्हणतो ना, बघत काय उभी राहिलीस? जा. दार ओढून घे.