खडकापर्यंत नेलेला चर

(१९७३ चा वैशाख. खर्ड्याच्या बाजूला एका ओढ्यावर दुष्काळी काम चालू आहे, पाझर तलावाच्या बांधाचं. मुकादम रंभाजी बांधावर उभा. चांगुणा पाटी पालथी घालून तिच्यावर बसलेली.)

रंभाजी : पाटीवर बसत्यात का गं? ऊठ. मागं सगळी रांग थांबलीय.

चांगुणा : थांबू द्या. मी आज माती टाकनार न्हाई, नाना.

रंभाजी : का? जीव बरा न्हाई का? सावलीला जाऊन बस मग, कोन न्हाई म्हनतंय?

चांगुणा : जिवाला काय धाड भरलीय! आमचा वाळूतला झिरा आटला.

रंभाजी : हात्तिच्या! वैशाखात झिरा आटनार न्हाई तर काय भरून व्हानार? माज्या सासुरवाडीची विहीर संक्रांतीलाच कोरडी पडली.

चांगुणा : तुमच्या सासुरवाडीचं मला नका सांगू. सगळा दुष्काळ काढला, तवा न्हाई आटला. गेल्या म्हयन्यात जयंतीला सगळ्या बौद्धवाड्यानं त्येचंच पानी पेलं, पाव्हन्यांनी बी पेलं. आन ह्यो बांधाच्या पायाचा चर बुजवला, तर तिसऱ्या दिशी वाळू कोरडी?

रंभाजी : चराचा आन झिऱ्याचा काय संबंध? चर हितं, झिरा तिकडं खाली, शंभर पावलांवर.

चांगुणा : पानी वरनंच खाली येतं ना? का आमच्याकडं येताना उलटं चालतं?

रंभाजी : तोंड लई चालाया लागलं तुजं.

चांगुणा : सकाळपासनं पोटात घोटभर पानी न्हाई. मऊ कुठनं बोलू?

रंभाजी : आगं, मी काय मुद्दाम केलं व्हय? चर खोदता खोदता वाळूतनं पानी निघाया लागलं. तू बी बघितलंस.

चांगुणा : बघितलं काय, वंजळीनं पेले.

रंभाजी : मग! ज्याच्या पायातनं पानी निसटतंय, त्यो बांध म्हनायचा का चाळन? माजा बाप भंडारदऱ्याच्या धरनावर काम करून आलेला मानूस. त्यो म्हनायचा, पायात ठेवलेली कसर आन घरात ठेवलेला साप, दोन्ही सारखंच. म्हनून मी खडक लागंस्तवर खाली गेलो. माज्या सवताच्या रानातली काळी माती आनली. आशी ठासली, की मुंगीला वाट न्हाई.

चांगुणा : तुमी न्हाई ठासली. आमी ठासली.

रंभाजी : बरं, तुमी.

चांगुणा : चिखल तुडवाया बायका उतरल्या, त्यात म्होरं मी. गानं म्हनत तुडवला. तुमी वरनं म्हनलात, शाब्बास चांगुणा, तर आनखी जोरात नाचले. आमचं पानी आमच्याच पायानं बुजवलं, नाना. दोन दिस झाले, सासू घागर घिऊन झिऱ्यापशी जाती आन नुसती बसून येती. मला माज्या पायाकडं बघवत न्हाई.

रंभाजी : रडू नगंस. हे बघ, ओव्हरसियर साहेब आले सायकलीवर. त्येन्लाच इचारू. राम राम, साहेब!

गाडेकर : राम राम, मुकादम. काम का थांबलंय? या बाई कोण?

रंभाजी : ही चांगुणा, बौद्धवाड्यातली. लई कामाची बाई. ती म्हनती, आपून चर बुजवला म्हनून त्येंचा झिरा आटला. तुमीच सांगा तिला, आसं कुठं आसतंय का?

गाडेकर : एक मिनिट. चर बुजवला, ते बरोबर. पण खोल किती नेला होता?

रंभाजी : धा फूट. पार खडकापत्तुर.

गाडेकर : दहा? मी खुंटीवर खूण करून गेलो होतो की! तीन फूट.

रंभाजी : बघितली मी खून. रागवू नका, साहेब. मला वाटलं, पोरगेलं साहेब हायेत, नवीन हायेत, चुकलं आसंल. तुमच्यावर वरनं बोलनं येऊ नये म्हनून मीच गपचिप खाली नेला.

गाडेकर : अहो, चुकलं नव्हतं! या कामाचं नाव काय? पाझर तलाव. वरचं पाणी अडवायचं आणि वाळूतून हळूहळू खाली पाझरू द्यायचं. खालच्या विहिरी, खालचे झिरे त्याच्यावर जगायचे. तुम्ही खडकापर्यंत काळी माती ठासलीत. आता थेंब जायचा नाही पलीकडं.

रंभाजी : म्हंजी... बांध गळायलाच पायजे?

गाडेकर : बांध नाही गळायचा. त्याच्या बुडाखालनं पाणी जायला हवं.

रंभाजी : आरं देवा! साठी उलाटली माजी, साहेब. पानी जाऊ देन्यासाठी बांध बांधत्यात, हे मला कुनी सांगितलं न्हाई.

गाडेकर : मी सांगायला हवं होतं. नुसती खूण केली आणि निघून गेलो. पाच गावांची कामं आहेत आणि बुडाखाली ही सायकल. आठ दिवसांनी येतोय. माझीही चूक आहेच.

चांगुणा : चुकीच्या वाटन्या मागनं करा, साहेब. पानी कवा यील, ते सांगा.

गाडेकर : ओढ्याच्या पात्रातली सगळी काळी माती उकरून काढावी लागेल. बांधाचं मधलं तोंड अजून मोकळंय, वर बांध चढलेला नाही, हे नशीब. खाली पुन्हा वाळू भरायची आणि मातीचा थर फक्त वरचे तीन फूट. बारा दिवस तरी धरा.

रंभाजी : आन मृगाला राह्यलेत तीन आठवडे.

गाडेकर : तेच तर. बारा दिवस यात गेले, तर मधलं तोंड पावसाआधी बंद व्हायचं नाही. एक लोंढा आला, की दोन्ही बाजूंचा बांध घेऊन जाईल. हजार माणसांची पाच महिन्यांची मेहनत आहे ही. बाई, मी काय म्हणतो, पावसाळा होऊ द्या. तलाव भरला की बघू काहीतरी...

चांगुणा : तवर आमी काय, वाळू चाटायची?

गाडेकर : तसं नाही म्हणत मी...

रंभाजी : साहेब, माती काढायची.

गाडेकर : मुकादम, नीट विचार करा. बांध वाहून गेला तर?

रंभाजी : गेला तर पुन्यांदा घालू. माती कुठं पळून चाललीय? चांगुणा, सांग सगळ्यांस्नी, चराकडं चला म्हनावं. टिकाव घ्या. पहिला घाव मी घालतो. हे मीच केलंय, तवा मीच फोडतो.

चांगुणा : नाना, तुमी ह्या वयात टिकाव मारनार?

रंभाजी : मग काय बघत उभा राहू? आन बारा दिस पान्याची काळजी करू नगा. माज्या मळ्यातल्या विहिरीला आजून परसभर, मानूस बुडंल येवढं पानी हाय. बायकांस्नी धाडून दे घागरी घिऊन.

चांगुणा : शेंदनार कोन?

रंभाजी : माजी सून हाय की. ती वरनं वतील, तुमी खाली घागरी धरा.

चांगुणा : मग नको, नाना.

रंभाजी : आगं, नको काय? पोरंबाळं हायेत...

चांगुणा : नको. बौद्ध झालो त्याला सतरा वर्सं झाली. तवापासनं वरनं वतलेलं पानी आमी घेत न्हाई. सासऱ्यानं म्हनून तर ह्यो झिरा उकरला. आमी जाऊ खर्ड्यापत्तुर, दोन कोस चालू. सवय हाय पायाला.

गाडेकर : मी तालुक्याला टँकर मागतो. पण आठवडा तरी जाईल त्यात.

चांगुणा : तुमी मागा, साहेब. आमी चालत ऱ्हातो.

रंभाजी : थांब, चांगुणा. जाऊ नगंस... सुनंला सांगतो, विहिरीकडं फिरकू नगं. दोर-पव्हरा काठावरच आसतो. तुमी आपल्या हातानं शेंदा.

चांगुणा : तुमची भावकी गप बसंल?

रंभाजी : न्हाई बसनार.

चांगुणा : मग मला कुनी आडवून इचारलं, तुमी हितं कशा, तर काय सांगू?

रंभाजी : सांग, आमचं पानी रंभाजीनं बुजवलंय.