यंत्राला धूर सोसत नाही

धूर म्हणे, धूर! तुम्हांला सांगते, साल दोन हजार चोवीस, महिना मे, डोंबिवलीत वैशाखाचं ऊन असं की गॅलरीतली तुळस दुपारी मान टाकायची, आणि आमच्या घरात निदान काय झालं, तर आजीच्या उदबत्तीच्या धुरानं नातवाचा कंप्युटर बंद पडतो! माझं काही म्हणणं नाही. मी जुनी मॅट्रिक, मला त्या यंत्रातलं काय कळणार? पण खोली माझी होती हो... म्हणजे माझी आणि नातवाची, सर्वेशची. पलंग माझा, टेबल त्याचं, आणि भिंतीवर सासूबाईंच्या वेळेपासूनचा देव्हारा. त्या टेबलावर त्यानं खेळांसाठी खास जुळवून घेतलेलं ते धूड आणून ठेवलं. अंगभर निळे-जांभळे दिवे, जसा काही लग्नाचा मांडव! एरवी गरीब गायीसारखं. कॉलेजचा अभ्यास उघडा, चालतं. गाणी लावा, चालतं. पण खेळ लावून शत्रूवर बंदूक रोखली रे रोखली की पडदा काळा! आणि सर्वेशचा टाहो, "आजीऽऽ, परत गेलं यार!" यार कोण? मी!

मग कल्याणहून देवेश नावाचा दुरुस्तीवाला आला. त्यानं डब्याची एक बाजू उघडली, आत नाक घातलं, चंदनाचा वास आला, आणि खटला निकाली! "आजी, अगरबत्ती बंद करायला लागेल. धूर पंख्यावर बसतो ना, मशीन गरम होते." मी म्हटलं, "अहो, पण..." "टेन्शन नही लेने का, आजी!" मी कशाला घेऊ? घेतलं ते देवांनी! दिवेलागणीच्या आत देव्हारा स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. चटणी वाटायला घेतली की बाळकृष्ण थरथरतो. माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्या दिवशी यंत्र चाललं का? छे!

आता मला सांगा, एक औषध लागू पडलं नाही तर ते थांबवून दुसरं द्यावं, की पहिलं चालू ठेवून त्यावर दुसरं, त्यावर तिसरं? आम्हांला शाळेत प्रयोगाच्या तासाला बजावलेलं असे, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे कोण ऐकतो! मुलगा संदेश म्हणाला, "आई, रस्ता खणलाय, धूळ येते, तुझी खिडकी बंदच ठेवू." बंद. "आई, तुझं कपाट त्याची हवा अडवतंय." कपाट पॅसेजमध्ये; आता पातळ काढायचं तर चपलांच्या रॅकशेजारी उभं राहून. बरं, खिडकी बंद केल्यावर खोली तापणारच, म्हणून एसी! मी इतके उन्हाळे पंख्याखाली काढले, तेव्हा एसी म्हणजे थेर होतं. यंत्राला घाम फुटला म्हटल्यावर ती गरज झाली. आणि तो अठरावर! माझे गुडघे धरले. तेव्हा सूनबाई, आमची शिवानी, अगदी मायेनं... "आई, तुम्हांला गारठा सोसत नाही ना, मग तुम्ही हॉलमध्येच झोपा ना." पाहिलंत? माझ्याच भल्यासाठी! पलंग हॉलमध्ये, टीव्हीच्या पुढ्यात. माझं काही म्हणणं नाही.

मध्यंतरी मी ठाण्याला, टेंभी नाक्याला, धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. तिथे संदेशचा फोन, "आई, आजही बंद पडलं गं." खोटं वाटेल तुम्हांला, पण मला आनंद झाला! मी ठाण्यात, माझी उदबत्ती ठाण्यात, आणि यंत्र डोंबिवलीत बंद... म्हणजे मी निर्दोष! म्हटलं, "मग माझा देव्हारा आता परत..." तर म्हणतो, "अगं, भिंतींत मुरलाय तो धूर." भिंतींत! यावर माझं काही म्हणणं... काय असणार?

अखेर नवरात्रात सर्वेशनं कुठलासा व्हिडिओ पाहून डब्यातला वीज पुरवणारा भागच काढला आणि त्याहून मोठा बसवला. दसऱ्याच्या सकाळी जो खेळायला बसला तो श्रीखंड-पुरीची हाक येईपर्यंत हलला नाही. पडदा एकदाही काळा नाही! देवेश फोनवर हसतोय, "आजी, पॉवर कमी पडत होती. गेम लावला की मशीन जास्त करंट खेचते. बाकी काही नव्हतं."

बाकी काही नव्हतं! देव, खिडकी, कपाट, पलंग, गुडघे... बाकी काही नव्हतं!

मी आवाज चढवला नाही. पानावरून उठल्यावर शांतपणे विचारलं, "आज मुहूर्त चांगला आहे, माझं सामान आत न्यायचं ना?" तर तिघंही एकमेकांची तोंडं बघतात. संदेश म्हणतो, "आई, आत्ता कुठे सुरळीत चाललंय. चालतंय तर कशाला काही हलवायचं?" सर्वेश म्हणतो, "हो ना आजी, रिस्क नको." आणि सूनबाई माझ्या पलंगावरची चादर नीट करतात!

संध्याकाळी शेजारच्या हौसाबाई सोनं द्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "हे काय, आज विजयादशमी, आणि तुम्ही सीमोल्लंघनाला नाही निघालात?"

मी म्हटलं, "झालं की माझं! खोलीतून हॉलमध्ये."