दार आत उघडतं का भाईर

माजं गाव औंधाच्या अलीकडं, यमाईचा डोंगर दिसतो तितं. नाव दिलावर, पन सगळी मिस्त्रीच म्हनत्यात, बायको सुदीक मिस्त्रीच म्हनती. बाप शाबादी फरशी बसवायचा. त्या वक्ताला न्हानी म्हंजे काय वं, चार फरश्या, बसायला एक दगड, आन पानी भाईर आळवाच्या पानांत. पन बापाची फरशी बसवून झाली की त्यो तांब्याभर पानी वतायचा आन उकिडवा बसून बघत राहायचा, बोलायचा न्हाई, बिडी पेटवायचा न्हाई, आन तळहाताएवढं जरी पानी थांबलं तर फरशी उचकटायचा. मालक म्हनायचा राहू दे की, बाप म्हनायचा न्हाई, घरच्या बाईला रोज हातानं पानी लोटाया लागंल, तू लोटनार हायस का. आसला बाप. त्याचा रागच माज्यात उतरलाय, दुसरी इस्टेट काय न्हाई.

तर सर, तुमी इचारलंत, घर बांधायला काढलंय, किचन-बाथरूमचं काय काय बघायचं. सांगतो की. पन मी चिडूनच सांगनार, मला शांत बसून सांगता येत न्हाई. तीस वर्सं झाली ह्या कामाला. पाचगणीच्या हॉटेलांत कमोड बसवायला शिकलो, शिरवळला कारखान्याच्या क्वार्टरांत एकासारख्या एक बाथरुमा केल्या, आन आता गावोगाव ज्यो त्यो सोताच घर बांधतोय, इंजिनेर नकाशावर सही करायपुरता, बाकी सगळं मोबाईलवर बघून. मला फोटू दाखवत्यात, मिस्त्री, हे आसंच पायजे. आरं बाबा, त्या फोटूत कोन राहतंय का? एक बादली दिसती का, एक वलं धोतार दिसतंय का?

पैलं म्हंजे पाइप. भिताडात पाइप गाडला की लगीच टाइल मारू नका, पानी सोडा, दाब द्या, दिवसभर बघा कुटं पाझरतंय का. आन झाकायच्या आदी फोटू काढून ठेवा, पाइप कुटनं कुटं गेलाय त्याचा, न्हाईतर उद्या आरशासाठी खिळा मारनार, खिळा पाइपात जानार, आन बोंब मारत फोन कुनाला, तर मला. बाथरूमची जमीन भाईरच्यापेक्षा खाली पायजे, उतार फुटाला एक सूत, सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग, आन उतार जाळीकडंच पायजे, हे सांगायची पाळी यावी का? पन येती. वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बुजवायची, पानी तुंबवून दोन-तीन दिस ठेवायचं, खालच्या छताला हात लावून बघायचं. कोन करत न्हाई. का करत न्हाईत, तर वास्तुशांती. आमच्या भागात काय झालंय, घराला अजून दारं न्हाईत तवर पत्रिका छापून मोकळं, मंडप ठरला, आचारी ठरला, भाऊबंदांना सांगावा गेला, आन मग मिस्त्रीच्या मागं लागत्यात, उरका, उरका, उरका. काय सांगू तुमाला, मला त्या शब्दाची शिसारी आलीया.

सुभेदारांच्या घराचं सांगतो. नाव घेत न्हाई, मानूस अजून गावात हाय, आन मानूस वाईट न्हाई हे बी सांगतो. फौजेतनं रिटायर हून आला, जन्मभर तंबूत आन बराकीत काढलेली, तर म्हनला आता घर आसं बांधायचं की बघनाऱ्यानं थांबून बघावं. घरात तीनच मानसं, सुभेदार, शालन वहिनी, आन सुभेदारांची आई, हौसाआई. पोरगी लगीन हून गेलेली. हौसाआईला मी ल्हानपनापास्नं वळकतो, बापासंगं त्यांच्या जुन्या घराची फरशी बसवायला गेलो तवा तिनं मला पैल्यांदा गुळाचा चा पाजलेला.

किचनची गोष्ट आदी ऐका. सुभेदारांनी फोटूतला कट्टा जसाच्या तसा सांगितला, उंची बी फोटूवाल्यानं लिवलेली. मी म्हनलं, सुभेदार, आदी वहिनींना हुबं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपराखाली चार बोटं सोडून कट्टा, ह्यो हिशोब हाय. म्हनले, मिस्त्री, स्टँडर्ड साइज असतो त्यो. आन वहिनी माज्या खांद्याला लागत न्हाईत. बरं, घर भाकरीचं. भाकरी थापायची म्हंजे लाकडाची काटवट पायजे, पाय पसरून बसायला जागा पायजे, न्हाईतर कट्टा तेवढा खाली पायजे की हातात जोर येईल. झालं काय, सगळ्या गावानं ते किचन बघितलं, ड्रावर वढून वढून बघितलं, आन वहिनी राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडात चूल मांडून बसल्या. अजून बी तितंच सैपाक करत्यात. म्होरं चिमनीवालं किचन, आन मागं बाई धुरात. आसं एक घर न्हाई, सर, मी तुमाला आठ-दहा घरं हिंडून दावतो. त्या किचनात दूध सुदीक तापत न्हाई, आन मालक सांगतोय, आमच्याकडं मॉड्युलर हाय.

आता दाराचं. बाथरूम हॉलला लागून, कमोड बी त्यातच, वहिनी आन आई दोघींना तीच. मी म्हनलं, सुभेदार, ह्या बाथरूमचं दार भाईर उघडनारं करू. बाथरूम चार बाय सहाची, आत दार उघडलं तर आतल्या मानसाला जागा उरत न्हाई, आन आत कोन पडलं तर दार त्याच्याच अंगावर यिऊन अडतंय, भाईरनं ढकलता येत न्हाई. आन भिताडाला धरायला एक दांडा लावू. आन फरशी खरबरीत घ्या, ही आरशागत चमकनारी नगं. तर सुभेदार हसले. म्हनले, मिस्त्री, पावन्यांच्या तोंडावर संडासाचं दार उघडायचं का? वास्तुशांतीला माजं आख्खं युनिट येनार हाय. दांड्याला म्हनले, दवाखाना करायचाय का घराचा. फरशी तर आनून टाकलेली. हौसाआई तितंच व्हती, वट्ट्यावर शेंगा सोलत बसलेली, सगळं ऐकत व्हती. तिला ना सुभेदारांनी इचारलं, ना मी. मी! तीस वर्सं काम केलेला मानूस, बापाचा आव आननारा, मी बी तिच्याकडं मान वळवून बघितलं न्हाई की आई, तुमचं काय म्हननं. वास्तुशांतीला आट दिस ऱ्हायलेले, चौकट सुतारानं तयार ठेवलेली, मी म्हनलं जाऊ दे, मालकाचं घर. बसवलं दार. आत उघडनारं. माज्या हातानं बिजागऱ्या मारल्या.

वास्तुशांती झोकात झाली. आख्खं युनिट आलं, जेवलं, बाथरूम बघून वा वा म्हनलं.

म्होरं पावसाळा संपायच्या सुमाराला, सकाळची येळ, मी दोन गल्ल्या सोडून एका घराचा कट्टा करत व्हतो, तर शालन वहिनी पळत आल्या, पायात चप्पल न्हाई. म्हनल्या, मिस्त्री, आत्याबाई आत पडल्यात, कडी लावलेली न्हाई तरी दार उघडंना. मी तसाच धावलो, हातात थापी. बघतो तर सुभेदार दाराला खांदा लावून ढकलतायत, फौजेतला मानूस, अंगात जोर, आन आतनं आवाज येतोय, आई गं, आई गं. मला कळलं, म्हनलं सुभेदार, थांबा, थांबा, दार तिच्या कमरंला लागतंय. ढकललं की लागतंय. ढकललं की लागतंय. किती येळ ढकलत व्हते कोन जाने. त्यांना कळंना, मी वराडलो, आईला मारताय का. तवा ते मागं सरले.

खिडकी बघितली तर हातभर, मानूस जाईना. बिजागऱ्या आतल्या बाजूला. शेवटाला घरातनं करवत आनली आन दाराचा वरचा अर्धा भाग कापला, मीच बसवलेलं दार, मीच कापलं, आन स्टुलावरनं आत उतरलो, पाय कुटं टेकू ते कळंना, सगळीकडं पानी आन साबन, त्या चकचकीत फरशीवर मीच घसरत व्हतो. आई दाराला चिकटून पडलेली, अंगावर धड कापड न्हाई. मला बघितलं आन दोनी हातानं सोताला झाकाया लागली, दुकत व्हतं तरी झाकाया लागली. म्हनली, दिलावर, डोळे मिट रं. सर, मी डोळे मिटले. खांद्यावरचा टावेल चाचपडत तिच्या अंगावर टाकला, मग डोळे उघडले, मग तिला कडंला सरकवलं, मग दार उघडलं. सत्तरी वलांडलेली बाई, हाड मोडलंय, आन तिला पैली काळजी लाजंची. का, तर आमाला पावन्यांची लाज व्हती.

खुब्याचं हाड मोडलेलं. साताऱ्याला नेलं, ऑपरेशन झालं, घरी आनलं, खाट हॉलात टाकली. सुभेदार माज्या घरी आले, उंबऱ्यातच हुबे, म्हनले, मिस्त्री, तुमाला पायजे तसं करा, सगळं उचकटा. त्यांचे डोळे भरलेले. मला कीव यायला पायजे व्हती, न्हाई आली, मला रागच आला, त्यांचा बी आन माजा बी. पन गेलो. चमकनारी फरशी फोडून काढली, खरबरीत टाकली, दार भाईर उघडनारं केलं, भाईरनं बी उघडता येईल आसा खटका लावला, कमोडच्या बाजूला दांडा, शावरखाली दांडा, न्हायला बसायला पक्कं आसन, हाताला येईल आसा नळ. पानी वतून बापासारखा उकिडवा बसून बघितलं. एक थेंब थांबला न्हाई.

काम झालं तवा हौसाआईनं खाटंवरनं हाक मारली. म्हनली, झालं का रं मनासारखं. मी म्हनलं, व्हय आई. म्हनली, मी काय आता त्यात जात न्हाई बाबा, मला ह्या खाटंवरच सगळं. शालनला वापरू दे, ती बी म्हातारी व्हनार हाय. मग माजा हात धरला आन म्हनली, मी तवा शेंगा सोलत व्हते, तू दांडा म्हनलास तवा मला वाटलं व्हतं म्हनावं, लाव रं बाबा, मला उटताना धरायला काय न्हाई. पन पोरगा घर हौसंनं बांधतोय, मधी कशाला बोलू.

दिवाळीच्या आदी गेली. त्या बाथरुमीत एकदा सुदीक गेली न्हाई.

तवापास्नं माजं तोंड लय वंगाळ झालंय, गावात म्हनत्यात दिलावर मिस्त्री भांडकुदळ हाय, काम देऊ नका. नका दिऊ. मालक म्हनतोय मिस्त्री तुमी फकस्त सांगितलेलं करा, तर मी थापी पिशवीत टाकून घरला येतो, बायको शिव्या घालती, घालू दे. अल्लानं हात दिलेत, कुटं बी पोटापुरतं मिळतंय. पन घरातल्या बाईला न इचारता आता माज्याच्यानं कट्टा व्हत न्हाई, आन म्हाताऱ्या मानसाला न बसवता बाथरूम व्हत न्हाई.

तुमचं घर चांगलं व्हऊ दे सर, मनापास्नं सांगतो, सुखानं राहा त्यात. नकाशा चांगला केलाय तुमी, फोटू बी चांगले हायत. पन मघाधरनं तुमी एकलेच बोलताय, माजं आसं, माजं तसं. घरात आई हाय म्हनलात न्हवं? मग गुडघं दुखत आसू द्यात न्हाईतर काय, गाडीत बसवून जाग्यावर घिऊन या. खुर्ची टाकू, बसवू, हात कुटवर पोचतोय ते तिच्याच तोंडनं ऐकू. ती म्हनंल मला काय कळतंय त्यातलं, तुमीच ठरवा. तसंच म्हनत्यात. आपन गप बसायचं, दुसऱ्यांदा इचारायचं, तिसऱ्यांदा इचारायचं. ती सांगंल तवाच मी चुना मारून खूण करनार.